तिसरी तार उतरायची

अंधेरीला एका वाद्यांच्या दुकानात मी गेली एकोणीस वर्षं नोकरी करतो. माझ्या कामाला दुकानात ‘डेमो मारणं’ म्हणतात. गिऱ्हाईक येतं, भिंतीवरच्या एखाद्या गिटारकडे बोट दाखवतं, मी ती काढतो, तारा सुरात लावतो आणि वाजवून दाखवतो. गिऱ्हाइकाला साधारण काय आवडतं ते त्याच्या चपलांवरून नि बोलण्यावरून कळतं. त्याप्रमाणे चार चीजा वाजवायच्या. गिटार चांगली की वाईट हे मला पहिल्या पाच मिनिटांत समजतं. समजलेलं सगळं सांगायचं नसतं, हेही मी याच दुकानात शिकलो.

ज्या गिटारबद्दल लिहितोय ती इलेक्ट्रिक होती, फिक्या निळ्या रंगाची, आणि आमच्याकडच्या सगळ्यात परवडणाऱ्यांपैकी. तशा बारा आल्या होत्या. मालकांनी मला सांगितलं, “हिच्यावर सगळे प्रकार वाजतात, असं दाखवायचं. भजन, कोळीगीत, रॉक, लावणी, सगळं. एकच गिटार, घरातल्या सगळ्यांना चालेल.” दुकानातला एकजण मोबाईलवर माझा व्हिडिओ काढणार होता.

मी आदल्या दिवशी गिटार हातात घेऊन बसलो. खरं सांगायचं तर आवाजाला ती वाईट नव्हती. पाच जागी सरकणारं एक बटण असतं, ते पुढे केलं की आवाज गोल, भरलेला. मागे केलं की धारदार, पत्र्यावर पाणी पडल्यासारखा. त्या किमतीत एवढं मिळणं म्हणजे चैनच. पण तार ओढली की घोटाळा व्हायचा. आपल्या गाण्यांत मींड लागते, सुरावरून सुरावर घसरत जायचं असतं, त्यासाठी बोटाने तार बाजूला ओढावी लागते. तशी ओढून सोडली की तिसरी तार जागेवर परत यायचीच नाही. केसभर खाली राहायची. दोनदा ओढली की दोन केस. गळ्याच्या टोकाला एक पांढरी पट्टी असते, तिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. त्या खाचा नीट कापलेल्या नव्हत्या, तार तिथे अडकायची. बाराच्या बारा गिटारींचं तेच.

मग मी डेमोचा क्रम लावला. तार ओढावी न लागणारे प्रकार आधी. ओढावी लागणारे नंतर, आणि दोन प्रकारांच्या मध्ये थोडं बोलायचं. बोलता बोलता डावा हात खुंटीवर जातो, करंगळीने जरा पीळ दिला की तार परत वर. बघणाऱ्याला वाटतं, वाजवणाऱ्याची सवय असेल.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ काढायच्या वेळेलाच मास्तर दुकानात आले.

मास्तर म्हणजे भांडुपला आमच्या शेजारच्या चाळीत राहणारे. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. आमचं दोघांचंही गाव मालवणाकडचं, पण माझी भाषा मुंबईत धुऊन गेली, त्यांची नाही गेली. मला गिटार पहिल्यांदा धरायला त्यांनी शिकवली, त्यांच्या जुन्या लाकडी खोक्याच्या गिटारवर. त्या गिटारच्या तारा इतक्या कडक की ओढायचा प्रश्नच यायचा नाही. पुढे ते बेंजोकडे वळले. टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचं ते तारांचं वाद्य. आमच्याकडे हळद, मिरवणूक, गणपती त्याच्याशिवाय होत नाही, आणि वाजवणाऱ्या ताफ्यालाच बेंजो पार्टी म्हणतात. मास्तर आठजणांच्या पार्टीचे मुख्य वादक होते. कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांचं सगळं त्याच्यातच होतं.

आणि त्यांचा कान. तो आमच्या भागात माहीत होता. भजनी मंडळाचा तबला लावायचा, मास्तरांना बोलवा. कुणाची पेटी बेसूर झाली, मास्तरांना दाखवा. सूर लावायचं यंत्र त्यांनी कधी हातात धरलं नाही. विचारलं तर म्हणायचे, “माका देवान दोन दिलेले असत ना.”

दुकानात येऊन त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “पार्टीतली पोरां म्हणतत, बेंजो आता म्हाताऱ्यांचा वाद्य. दुसऱ्या पार्टीवाल्यांकडे पुढे गिटारवालो असता. नायतर म्हणतत कीबोर्डवाल्याक पुढे करूया.”

“मग?”

“मग काय. माका एक गिटार दाखव. भजनापासून कोळीगीतापर्यंत सगळा वाजूक व्हया तिच्यार. मी मागे उभो रवाचंय नाय.”

पुढे उभं राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं. मला ते स्वच्छ कळलं होतं. म्हणून पुढचं सगळं लिहायला जड जातंय.

मालक गल्ल्यावर होते, मोबाईल स्टँडवर लावलेला होता. मास्तरांना स्टुलावर बसवून मी निळी गिटार गळ्यात घातली. गिटारच्या डोक्याला सूर दाखवणारा छोटा चिमटा लावलेला होता, तो आधी काढून खिशात टाकला. व्हिडिओत बरा दिसत नाही, असं म्हणालो.

पहिलं भजनाचा ठेका, साधे कॉर्ड. मास्तर मान डोलवायला लागले. मग बटण मागे करून कोळीगीताची चाल, टणटणीत. ते हसले, मांडीवर ताल धरला. मग जुन्या हिंदी गाण्यांची ती चक्कचक्क साथ. मध्ये बोललो, “आता बघा मास्तर, हिचा आवाज कसा गोल होतो,” आणि करंगळी खुंटीवर. लावणीची एक ओळ. “आता जरा गरम करू,” पुन्हा खुंटी. मग आवाज फाडून रॉक वाजवलं, मालकांनीही वर पाहिलं. शेवटी मींडेचं एक संथ, रडवं गाणं, आठच ओळी. आठव्या ओळीला तिसरी तार उतरायला लागली होती, तिथे मी हात उचलला.

दुकानातल्या दोन पोरांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर उठून माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “मेल्या, खंयच्या खंय गेलंस रे तू!”

मालकांची भीती होती, पन्नाशीत नोकरी गेली तर काय, असं म्हणायची सोय आहे. घरी मी स्वतःला तेच सांगत होतो. पण ते खरं नाही. मालक काही बोललेही नसते. शेजारीच दुसरी, थोडी वरची गिटार टांगलेली होती, ती दाखवली असती तर मालक खूशच झाले असते. खरं इतकंच की ज्याने मला शिकवलं त्याच्यासमोर मी वाजवत होतो आणि तो तोंडात बोट घालून बघत होता. ‘गिटार खराब आहे’ म्हटलं असतं तर माझं वाजवणंही झाकून गेलं असतं. मी तो क्षण सोडला नाही.

मास्तर निळी गिटार घेऊन गेले. महिनाभर रोज दोन तास बसायचे, मध्येमध्ये थांबून तार लावून घ्यायचे, असं वहिनी सांगायच्या. मग मला म्हणाले, “मनोरीक हळद आसा. पयली सुपारी गिटारवरची. तू येवकच व्हया.” सुपारी म्हणजे कार्यक्रमाचं ठरलेलं बोलावणं.

मनोरी तशी मुंबईतच, पण मार्व्याहून बोटीने खाडी पार करावी लागते. आम्ही दुपारीच गेलो. कोळ्यांचं घर, दारात मांडव, सुकट वाळत घालायच्या जागेवर सतरंज्या. पाचच्या सुमारास पार्टीने धरलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला माहीत होती आणि दुकानात क्रम लावताना मी जिच्याकडे बघितलं नाही. बेंजो पार्टी थांबत नाही. एक गाणं संपतं तिथेच दुसरं उचलायचं, मध्ये ढोलकी ताल सोडत नाही. हळदीला बायका नाचत असतात, त्यांच्यातली एखादी ओरडून फर्माईश करते, मुख्य वादकाने त्याच तालात त्या गाण्यात शिरायचं. तास-दीड तास असं. ताल तुटला, नाचणाऱ्या बायकांना जागच्या जागी उभं राहावं लागलं, की पार्टीची अब्रू गेली. मी दुकानात प्रत्येक प्रकारानंतर थांबत होतो. माझी गिटार थांबण्यावर चालत होती.

बेंजोवाल्याला हे कधी शिकावंच लागत नाही. बेंजोच्या तारा वाजवण्याआधी एकदा लावल्या की झालं, बटण दाबून तार काही उतरत नाही. तेव्हा वाजवता वाजवता तार खाली गेली तर वाद्यात खोट आहे असं त्यांच्या डोक्यात येतच नाही. आपलं लावणंच चुकलं, असं वाटतं.

पहिली वीस मिनिटं मस्त गेली. मास्तर पुढे उभे, पांढरा शर्ट, मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवापेक्षा ताठ. मग एका बाईने एक मींडेचं गाणं मागितलं आणि मास्तरांनी ते मन लावून वाजवलं, तार ओढून ओढून. पुढच्या कोळीगीतात शिरले तेव्हा तिसरी तार उतरलेली होती. मला पहिल्याच सुराला कळलं. त्यांनाही कळलं. त्यांचा चेहरा आकसला, त्यांनी घाईने खुंटी पिळली, जास्त पिळली गेली, तार वर गेली. ढोलकी चालूच. बायका नाचायच्या थांबल्या.

“ओ मास्तर,” नवरदेवाची मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “लगीन उद्या हाय! तवर लागल काय सूर?”

मांडवभर हसं झालं. मास्तरही हसले. पुन्हा धरलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मग कीबोर्डवाला पोरगा, पोरगा म्हणजे तिशीतला, खिशातून मोबाईल काढून त्यांच्यासमोर धरून म्हणाला, “मास्तर, अॅपवर बघा ना. कानावर काय राहता अजून! हे बघा, थर्ड स्ट्रिंग किती खाली आहे.”

“मी आताच लावली ती.”

“लावली असती तर खाली कशी असती?”

तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्याने कीबोर्डचा आवाज वाढवला आणि गाणं स्वतःच उचललं. मास्तरांनी तारांवर तळहात ठेवला. उरलेला पाऊण तास ते तसेच उभे होते, वाजवल्यासारखं करत. मी मांडवाच्या खांबाला टेकून होतो, हातात सरबताचा ग्लास. चार पावलं पुढे जाऊन ‘अरे, गिटारचा दोष आहे’ एवढं बोलायचं होतं. मी सरबत पीत राहिलो.

जेवणाच्या पंगतीला ते माझ्या शेजारी बसले. ताटाला हात लावला नाही.

“तू वाजवतंस तेव्हा बरोबर वाजता ती,” ते म्हणाले. “माझ्याच हातात काय होता तिका?”

मी भातात कालवण कालवत होतो.

“माझो कान गेलो काय रे?”

त्यांनी सरळ विचारलं होतं. मला सरळ विचारलं, कारण त्यांना वाटत होतं मला कळतं. आणि मी म्हणालो, “वय होतं मास्तर. होतं असं. एकदा डॉक्टरला दाखवून घ्या.”

हे वाक्य मी लिहून काढायला इतके महिने टाळत होतो.

ते खरंच डॉक्टरकडे गेले. एकसष्ट वर्षांच्या कुणाचाही कान तपासला तरी काहीतरी निघतंच. त्यांचंही निघालं, वरचे बारीक आवाज थोडे कमी येतात म्हणून. कागदावर लिहून मिळालं. तो कागद त्यांनी देवघरात ठेवला, असं वहिनींनी मला भांडुप स्टेशनबाहेरच्या भाजीबाजारात सांगितलं.

“पार्टी सोडली. भजनालाही जात नाहीत,” त्या म्हणाल्या. “परवा मंडळाचे लोक तबला घेऊन आले होते लावायला. म्हणाले, दुसरं कोण बघा, माझं आता खरं नाही. भावोजी, तुम्ही तरी सांगा ना त्यांना काही. तुमचं ऐकतात. तुम्ही म्हणालात म्हणून तर डॉक्टरकडे गेले.”

मी “सांगतो, सांगतो” म्हणालो आणि मेथीची जुडी उचलली. मला मेथी नको होती.

त्यानंतर मी रस्ता बदलला. त्यांच्या चाळीसमोरून न जाता मागच्या गल्लीने जायला लागलो. सात मिनिटं जास्त लागतात.

मध्यंतरी दुकानात एक कॉलेजची मुलगी तसलीच निळी गिटार घेऊन परत आली. म्हणाली, “काका, हिची तिसरी तार सुरात टिकतच नाही. मलाच वाजवता येत नाही की हिच्यातच फॉल्ट आहे?” मी तिला बसवलं, तारा सैल केल्या, बारीक कानस घेऊन पांढऱ्या पट्टीच्या खाचा घासल्या, त्यात पेन्सिलीचं शिसं भरलं. दहा मिनिटं. तार ओढून दाखवली, जागेवर परत आली. “तुमच्यात काही चुकत नव्हतं,” मी तिला म्हणालो. ती थँक्यू म्हणून गेली. अनोळखी मुलीला ते वाक्य किती सहज सांगितलं मी. कानस हातात धरून कितीतरी वेळ बसून होतो. तरीसुद्धा मास्तरांकडे जायला मला आणखी दोन महिने लागले. एवढं ऐकून कुणी मला भला माणूस म्हणू नये.

गेलो ते एका रविवारी सकाळी. मास्तर पेपर वाचत होते. “इलंस? बस,” म्हणाले. वहिनी आत चहाला लागल्या. मी बसलो नाही, बसलो असतो तर बोललो नसतो. उभ्या उभ्याच सांगितलं. खाचा, तार, डेमोचा क्रम, करंगळी, चिमटा खिशात टाकला ते. सगळं.

त्यांनी पेपरची घडी केली. “तुका तेव्हाच ठावक होता?”

“आदल्या दिवशीपासून.”

“मनोरीक?”

“हो.”

“नि डॉक्टराकडे जा म्हणालंस, तेव्हा?”

“तेव्हाही.”

आत चहाची भांडी वाजायची थांबली. मास्तरांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला. मग पोटमाळ्याकडे मान करून म्हणाले, “काढ ती. लाव सुराक.”

मी स्टुलावर चढून गिटार काढली. खोळीवर धूळ होती. आवाज वाढवणारा अँप्लिफायर नव्हता, नुसत्याच तारा बारीक वाजत होत्या. मी यंत्रावर सूर लावले. मास्तर उठले आणि भिंतीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून बसले.

“आता ओढ. खंयची ओढतंस ता सांगा नको.”

मी तिसरी ओढली, सोडली, मग सगळ्या तारा एकेक करून छेडल्या.

“तिसरी. केसभर.”

मी लावून घेतली. पुन्हा ओढली, दोनदा.

“तिसरी. जास्त.”

मग मी दुसरी ओढली. “दुसरी,” ते म्हणाले, “पण ही अगदी थोडी.” मग मी काहीच न ओढता तारा छेडल्या. त्यांनी मान जराशी कलती केली. मग म्हणाले, “ह्या टायमाक तू ओढूक नाय.”

असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. ते एकदाही चुकले नाहीत. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. मास्तर वळून बसले.

“आठ म्हयने,” ते म्हणाले. “भजनाचो आवाज इलो काय मी खिडकी लावून घेय. माका वाटायचा, माका बेसूर ऐकूक येतला आणि कळाचाच नाय.”

मी म्हणालो, मी गिटार दुरुस्त करून देतो, बदलून देतो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“चाय घे आणि जा. आणि त्या पोरांका सांग. सगळ्यांसमोर. तुझ्या तोंडान.”

चहा मी उभ्यानेच प्यायलो. 

पार्टीची तालीम गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या मागच्या शेडमध्ये असते. मी कामावरून लवकर निघालो. सातहीजण होते. मला बघून ढोलकीवाला म्हणाला, “या काका, काय आज इकडे? गिटार विकायला काय?” सगळे हसले. मी सांगायला सुरुवात केली. घरी पाठ करून गेलो होतो, ते निम्म्यातच विसरलो, मग जसं आठवलं तसं सांगितलं. मास्तरांचा कान तेव्हाही बरोबर होता आणि आजही आहे, हे दोनदा सांगितलं.

कीबोर्डवाल्याने कीबोर्डचं बटण बंद केलं. मग म्हणाला, “काका, मी त्यांना मोबाईल दाखवत होतो ना, तेव्हा तुम्ही तिथेच उभे होता. सरबत पीत.”

“हो.”

“मी त्यांना सगळ्यांसमोर बोललो यार,” तो म्हणाला, पण माझ्याशी नाही, ढोलकीवाल्याशी.

कुणीतरी विचारलं, “मग मास्तर येणार का परत?”

“ते त्यांनाच विचारा,” मी म्हणालो.

ढोलकीवाल्याने ढोलकी खाली ठेवली. “चला रे,” म्हणाला. “आत्ताच जाऊ. जेवायला बसायच्या आत.” सातहीजण चपला घालून निघाले. शेडमध्ये दिवा चालू होता, वाद्यं तशीच पडलेली. चाळ तिथून पाच मिनिटांवर. चाळीच्या फाटकापर्यंत मी त्यांच्या मागे मागे गेलो, तिथे थांबलो. मला कुणी चल म्हणालं नाही, आणि मीही विचारलं नाही.